सात डेटासंच, चार सॉफ्टवेअर आणि एक नाराज सर

नमस्कार सर,

मी एका विद्यापीठात संख्याशास्त्र विभागाची प्रमुख आहे. पुढच्या सत्राआधी प्राध्यापकांसाठी दहा दिवसांचं प्रशिक्षण घ्यायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. विषय आहे, शिक्षणविषयक मोठे डेटासंच वापरून संख्याशास्त्र कसं शिकवावं. तीस जण येतील, काही संख्याशास्त्राचे, काही शिक्षणशास्त्राचे. सात डेटासंच, चार सॉफ्टवेअर आणि रोज एक पाहुणे वक्ते असा आराखडा मी केला आहे. तरी मनात धाकधूक आहे. मागच्या वेळी असंच प्रशिक्षण झालं. सगळ्यांनी ‘फार उपयुक्त’ असं लिहून दिलं आणि परत जाऊन वीस विद्यार्थ्यांच्या गुणांचं तेच जुनं कोष्टक फळ्यावर काढलं. शिवाय आमच्याकडे एक ज्येष्ठ सर आहेत. त्यांनी आयुष्यभर नमुना सिद्धांत शिकवला. ते म्हणतात, ‘ही संगणकाची हमाली आहे, यात संख्याशास्त्र कुठे आहे?’ ते आले तर वातावरण बिघडेल, नाही बोलावलं तर अपमान होईल. आराखडा सोबत जोडला आहे. काय बदलू?

— एक विभागप्रमुख

नमस्कार मॅडम,

तुमचा आराखडा दोनदा वाचला. पहिल्यांदा दडपून गेलो, दुसऱ्यांदा दमलो. त्यात चूक अशी काही नाही, फक्त तो दहा दिवसांचा नसून दोन वर्षांचा आहे. सात संच दाखवले तर प्राध्यापक सात संकेतस्थळांचे पत्ते घेऊन घरी जातील. त्यातल्या एकाही फाइलला त्यांचा हात लागलेला नसेल, आणि ज्या फाइलशी आपण स्वतः झटापट केलेली नाही ती वर्गात उघडायची हिंमत कोणाला होत नाही. मागचं प्रशिक्षण वाया गेलं ते बहुधा यामुळेच. वीस मुलांच्या कोष्टकाकडे लोक परतले याला मी आळस म्हणणार नाही. त्या कोष्टकात विद्यार्थी काय विचारील हे त्यांना ठाऊक असतं.

म्हणून सातपैकी सहा संच काढून टाका. एकच ठेवा. मी पीसा २०२२ ठेवीन, म्हणजे ओईसीडी ही संघटना शाळकरी मुलांची जी आंतरराष्ट्रीय चाचणी घेते तिचा संच. ८१ देश आणि अर्थव्यवस्था, सुमारे ६ लाख ९० हजार विद्यार्थी, वय पंधराच्या आसपास. फाइल कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते आणि सोबत जाडजूड तांत्रिक दस्तऐवज मिळतो. टिम्स ही गणित-विज्ञानाची आंतरराष्ट्रीय चाचणी घेतलीत तरी माझी हरकत नाही. ती १९९५पासून दर चार वर्षांनी होते आणि तीत चौथी-आठवीचे आख्खे वर्गच्या वर्ग निवडले जातात. पण दोन्ही घेऊ नका. निवडलेल्या संचातूनही एकाच देशाच्या ओळी कापून घ्या. हजारावर रकान्यांची पूर्ण फाइल पहिल्या दिवशी उघडलीत तर अर्धा दिवस संगणक अडकण्यात जाईल आणि तुमच्या सरांचं ‘हमाली’ हे म्हणणं खरं ठरेल.

बालवाडीपासून आठवीपर्यंत त्याच मुलांचा माग ठेवणारा अमेरिकेतला इसीएलएस-के हा संच तुमच्या यादीत आहे. माझा तो लाडका आहे. तरी या वेळी नको. काळाचं परिमाण आलं की गळतीचा, म्हणजे मधेच पाहणीतून निसटणाऱ्या मुलांचा प्रश्न येतो, आणि त्याला वेगळे दहा दिवस लागतात. ज्या संचांना परवाना लागतो तेही टाळा. ज्या फाइलची प्रत शिक्षकाला स्वतःच्या विद्यार्थ्यांच्या हाती देता येत नाही, ती शिकवण्याच्या कामाची नाही.

आता मुद्द्याचं. ‘मोठा डेटा’ म्हटलं की आपल्या लोकांच्या मनात मोठेपणाचंच कौतुक असतं. मोठेपणा हा या संचांचा सर्वात कमी शिकवणारा गुण आहे. १९३६ साली अमेरिकेतल्या एका नियतकालिकाने अध्यक्षीय निवडणुकीसाठी २४ लाखांच्या घरात मतपत्रिका परत मिळवल्या आणि लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट प्रचंड मतांनी निवडून आले. ही गोष्ट सगळेच पहिल्या तासाला सांगतात आणि दुसऱ्या तासाला विसरतात. शिक्षणाच्या डेटासंचांमधून शिकण्यासारखं जे आहे ते त्यांच्या वेड्यावाकड्या रचनेत आहे. मुलं कशी निवडली, प्रत्येकाला कोणते प्रश्न दिले, कोणी उत्तर दिलं नाही. पाठ्यपुस्तकातलं वाक्य ‘समजा एक यादृच्छिक नमुना घेतला’ असं सुरू होतं. इथे ‘समजा’ म्हणायची सोय नाही. तुमचं प्रशिक्षण या गैरसोयीभोवती उभं करा.

कसं ते सांगतो. पहिल्या दिवशी व्याख्यान नको. कॅनडाच्या ओळी द्या, तीन-तीन जणांचे गट करा आणि एकच काम सांगा. गणिताची सरासरी काढा आणि तिची प्रमाण त्रुटी सांगा, म्हणजे नमुन्यामुळे ती साधारण किती इकडेतिकडे होऊ शकते ते. एवढंच. तासाभरात फळ्यावर निरनिराळी उत्तरं येतील, आणि तुम्ही हूं की चूं करायचं नाही. फाइलमध्ये प्रत्येक मुलाच्या गणिताच्या गुणांचे दहा रकाने असतात, का ते पुढे सांगतो. एखादा गट त्यातला पहिलाच रकाना उचलेल, दुसरा दहाही रकान्यांची प्रत्येक मुलामागे सरासरी काढेल. भाराच्या रकान्याकडे बहुतेकांचं लक्षच जाणार नाही. त्यापुढे घरच्या पुस्तकांचा किंवा अभ्यासाच्या तासांचा रकाना घ्यायला लावा. न दिलेल्या उत्तरासाठी घातलेला ९९सारखा संकेतांक खरा समजून कोणीतरी सरासरीत मिळवेल, आणि त्याच्या देशातली मुलं एकदम फार अभ्यासू निघतील.

कॅनडाच का, तर तिथे लहान प्रांतांमधून लोकसंख्येच्या मानाने पुष्कळ जास्त मुलं घेतली जातात, कारण प्रत्येक प्रांताला स्वतःचा आकडा हवा असतो. भार न लावता सरासरी काढली की प्रिन्स एडवर्ड आयलंडसारख्या चिमुकल्या प्रांताचा आवाज ऑन्टॅरिओच्या शेजारी वाजवीपेक्षा मोठा होतो. भार म्हणजे काय हे इथे व्याख्येशिवाय कळतं. तो रकाना सांगतो की हे एक मूल किती मुलांच्या वतीने बोलतंय.

चुका झाल्याच पाहिजेत, आणि त्या प्राध्यापकांच्या हातून झाल्या पाहिजेत, पण त्यांची नावं फळ्यावर लागता कामा नयेत. मी माझ्या उमेदीत अशाच एका शिबिरात गुणांच्या रकान्यांची प्रत्येक मुलामागे सरासरी काढणाऱ्या गटात होतो. तेव्हा ते रकाने पाचच असत. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान सहाध्यायीने सगळ्यांसमोर माझी चूक सांगितली. बरोबर सांगितली. तरी पुढचे दोन दिवस मी तोंड उघडलं नाही, आणि माझ्या रुसव्यात त्या बिचाऱ्या शिबिराचा काही दोष नव्हता. प्राध्यापकाला अज्ञानाची भीती नसते, ते कनिष्ठांसमोर उघडं पडण्याची असते. म्हणून गटात उत्तर काढायचं, गटाच्या नावाने लिहायचं, आणि पहिली चूक प्रशिक्षकाने स्वतःची दाखवायची. ठरवून.

दहा गुणांच्या रकान्यांवर जरा थांबतो, कारण इथे शिक्षणशास्त्राचे लोक संख्याशास्त्राच्या लोकांना काहीतरी शिकवू शकतात आणि तुमचे तीस जण दोन तट पडून बसणार नाहीत. पीसात प्रत्येक मूल सगळी प्रश्नपत्रिका सोडवत नाही. प्रश्न वाटून दिलेले असतात, एकाला काही, दुसऱ्याला काही. त्यामुळे एका मुलाचं नेमकं ‘मार्क’ असं काही नसतंच. असतो तो अंदाज, आणि अंदाजातली अनिश्चितता लपू नये म्हणून त्या मुलाच्या संभाव्य गुणांच्या वितरणातून दहा आकडे उचलून ठेवतात. त्यांना प्लॉझिबल व्हॅल्यूज म्हणतात. २०१५च्या आधी पाच होते, टिम्समध्ये अजून पाच आहेत. संख्याशास्त्रज्ञ डोनल्ड रुबिन यांची अपूर्ण डेटा भरून काढण्याची कल्पना रॉबर्ट मिस्लेव्ही आदींनी अमेरिकेतल्या नेप या राष्ट्रीय शालेय चाचणीत १९८०च्या दशकात आणली, तिथून ही पद्धत पसरली. नियम साधा आहे. हवं ते गणित दहा वेळा करा, दहा उत्तरांची सरासरी घ्या, आणि दहा उत्तरांमधला फरक अनिश्चिततेत मिळवा. उलट क्रमाने, म्हणजे आधी प्रत्येक मुलाच्या दहा आकड्यांची सरासरी आणि मग गणित, असं केलं तर देशाची सरासरी फारशी हलत नाही, पण गुणांचा विस्तार आक्रसतो आणि किमान पातळीखाली किती मुलं आहेत हा आकडा चुकतो. धोरणकर्त्यांना नेमका तोच आकडा हवा असतो. एवढं एक सत्र नीट झालं तरी मी म्हणेन की दहा दिवसांचं सार्थक झालं.

शाळांच्या गुठळ्यांचं मात्र फळ्यावरच करा, संगणक बंद ठेवून. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपल्या विषयाची सर्वात जुनी आणि सर्वात सुटसुटीत व्याख्या आहे, पण तीत एक गृहीतक दडलंय की सगळी शितं सारखीच शिजली आहेत. शाळांच्या बाबतीत तसं नसतं. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. समजा २०० शाळांतून प्रत्येकी ३० म्हणजे ६,००० मुलं घेतली आणि गुणांतल्या एकूण फरकापैकी २० टक्के फरक शाळाशाळांमधला आहे. रचनेचा परिणाम, म्हणजे अशा निवडीमुळे माहिती किती पटीने आटते तो आकडा, १ + २९ × ०.२, म्हणजे ६.८. सहा हजारांना ६.८ने भागा, ८८२ येतात. सहा हजार मुलांची माहिती सुमारे नऊशे स्वतंत्र मुलांइतकीच. हा भागाकार मी दरवर्षी करतो आणि दरवर्षी वर्गात कोणीतरी ‘मग एवढा खर्च कशाला?’ असं विचारतं. विचारू द्या, चांगला प्रश्न आहे.

त्याच तासाला दुसरा आकडा. पीसाच्या मापनपट्टीचं प्रमाण विचलन १००च्या आसपास धरा. तीन-तीन लाखांचे दोन गट आणि त्यांच्या सरासरीत फक्त १ गुणाचा फरक. साधा यादृच्छिक नमुना मानून प्रमाण त्रुटी ०.२६ येते, झेड, म्हणजे फरक त्या त्रुटीच्या किती पट आहे तो आकडा, ३.९च्या जवळ जातं, आणि सॉफ्टवेअर ‘लक्षणीय’ म्हणून तीन तारे छापतं. एक गुण! सॉफ्टवेअरला तो लक्षणीय वाटतो, शाळेतल्या कोणालाही वाटणार नाही. हे तारे ज्यावरून ठरतात त्या पी-मूल्यावरची अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनची २०१६ची भूमिका वाचायला देण्याआधी हे गणित करून घ्या, मग ती भूमिका उपदेश वाटत नाही.

बहुस्तरीय प्रतिमानं, म्हणजे मुलांमधला आणि शाळांमधला फरक वेगवेगळा मोजणारी, शिकवायची असतील, आणि शिक्षणशास्त्राची मंडळी त्याचा आग्रह धरतीलच, तर तेवढ्यापुरता दुसरा संच वापरा. अमेरिकेतल्या १९८०मध्ये सुरू झालेल्या हायस्कूल अँड बियाँड पाहणीतला १६० शाळांतल्या ७,१८५ मुलांचा छोटा तुकडा पिढ्यान्‌पिढ्या यासाठी वापरला जातो. गणिताच्या गुणांतला सुमारे १८ टक्के फरक शाळांमधला, हे दोन ओळींच्या आज्ञेत निघतं. पण तो सोलून, चिरून, ताटात वाढलेला संच आहे. त्यावर प्रतिमान शिकता येतं, डेटाशी वागणं शिकता येत नाही. अर्धा दिवस द्या, जास्त नको.

सॉफ्टवेअर कोणतं? एक. तुमच्या प्राध्यापकांच्या महाविद्यालयांत जे आधीपासून आहे ते. आर ही संगणकभाषा विनामूल्य आहे आणि तिच्यातलं ‘सर्व्हे’ हे पॅकेज भार आणि रचना नीट हाताळतं, म्हणून माझा कल तिकडे. ज्यांना आज्ञा लिहायची धास्ती आहे त्यांच्यासाठी टिम्स घेणाऱ्या आयईए संस्थेचं आयडीबी ॲनालायझर आहे. चार सॉफ्टवेअर शिकवायचा मोह पाहुण्या वक्त्यांमुळे होतो, कारण प्रत्येकाला आपलं दाखवायचं असतं. पाहुणे कमी केलेत की सॉफ्टवेअर आपोआप कमी होतील. एक गोष्ट मात्र सॉफ्टवेअरशिवाय एकदा करून घ्या. पीसाच्या फाइलमध्ये मुख्य भाराशेजारी ८० पर्यायी भार असतात. सरासरी त्या प्रत्येकाने पुन्हा काढायची, मूळ सरासरीपासूनच्या ८० फरकांचे वर्ग करून बेरीज करायची आणि २०ने भागायचं, की नमुन्यामुळे येणाऱ्या प्रमाण त्रुटीचा वर्ग मिळतो. ८०ने नाही, २०ने. का, ते स्वतःहून शोधून काढणारा प्राध्यापक भेटला तर पुढच्या वर्षी त्यालाच प्रशिक्षक करा.

कार्यकारणाबद्दल एक दिवस राखून ठेवा. ज्यांच्या घरात पुस्तकं जास्त त्यांचे गुण जास्त, हे पीसात कोणत्याही देशाच्या फाइलमधून काढून पाहा. मग विचारा, घरोघरी पुस्तकं वाटली तर गुण वाढतील का? खडाजंगी होईल, होऊ द्या. तिच्यावर उतारा म्हणून अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला स्टार प्रयोग सांगा. १९८५ ते १९८९, ७९ शाळा, चार वर्षांत मिळून ११ हजारांवर मुलं. १३ ते १७ मुलांचा लहान वर्ग की २२ ते २५ मुलांचा नेहमीचा, हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलेलं. पीसा मोठा आहे आणि स्टार त्याच्यापुढे लहान, पण ‘वर्ग लहान केला तर काय होतं’ या प्रश्नाला उत्तर द्यायचा अधिकार लहानाकडे आहे. संगणक नसलेल्या वर्गासाठी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे १९७३चे प्रवेश आहेतच. पुरुषांचे ४४ टक्के अर्ज मंजूर, स्त्रियांचे ३५. विभागवार पाहिलं की तो भेद जवळजवळ विरघळतो, कारण जिथे प्रवेश मिळणं अवघड तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते. हे उदाहरण कुठल्याही खेड्यातल्या फळ्यावर खडूने होतं, आणि तुमच्या तीसपैकी कित्येकांना ते मोठ्या फाइलपेक्षा जास्त कामाला येईल.

आता परत गेल्यावर काय होतं त्याबद्दल. शेवटचे चार दिवस तुम्ही बोलू नका. प्रत्येक गटाने त्याच फाइलमधून एक तास रचायचा आणि तो बाकीच्यांना विद्यार्थी समजून घ्यायचा. एका तासात एकच प्रश्न, जास्तीत जास्त पाच रकाने. रकाने निवडताना भाराचा रकाना गाळायचा नाही, हा एकच कायदा. कापलेली फाइल, तासाची टिपणं आणि विद्यार्थी हमखास करतील अशा चुकांचा कागद इतकं घेऊन माणूस परत गेला पाहिजे. शक्य असेल तर एकेका महाविद्यालयातून दोघांना बोलवा. एकटा माणूस परत गेला की विभाग त्याला गिळतो, दोघं असले की निदान एकमेकांच्या वर्गात जाऊन बसतात. आणि दहाव्या दिवशी समारोप करू नका, आठव्याच दिवशी संपवा. उरलेले दोन दिवस सहा आठवड्यांनी घ्या. तोवर प्रत्येकाने तो तास खऱ्या वर्गात घेतलेला असेल, निदान घ्यायचा राहिला म्हणून शरमेने तरी घेतलेला असेल. अभिप्रायाचे कागद त्या दिवशी भरून घ्या. ‘फार उपयुक्त’ लिहिताना लोक मग जरा विचार करतील.

राहिले तुमचे सर. मला त्यांच्याबद्दल तुमच्या पत्रात सर्वात जास्त उत्सुकता वाटली. आयुष्यभर नमुना सिद्धांत शिकवलेला माणूस म्हणजे तुमच्या तीस जणांत नसलेली नेमकी ती वस्तू. भार म्हणजे निवडीच्या संभाव्यतेचा व्यस्त, हे हॉर्विट्झ आणि थॉम्पसन यांचं १९५२चं काम त्यांनी फळ्यावर शेकडो वेळा सिद्ध केलेलं असणार. ते ८० पर्यायी भार म्हणजे तरी काय, महालनोबिस यांनी बंगालमधल्या तागाच्या पाहणीत वापरलेल्या आंतरभेदी उपनमुन्यांचे नातेवाईक आहेत. नमुना अनेक तुकड्यांत पाहा आणि तुकड्यांमधल्या फरकावरून त्रुटी ओळखा. सरांना हे सगळं येतं. फक्त ते सूत्र एखाद्या रकान्यात बसलेलं त्यांनी कधी पाहिलं नसावं, आणि ते त्यांना दाखवायला कोणी गेलं नसावं.

प्रशिक्षणाच्या आधी एक दिवस त्यांच्या खोलीत जा. एकट्याच जा, लॅपटॉप घेऊन. कॅनडाची फाइल उघडा आणि म्हणा, सर, या भाराच्या रकान्याची बेरीज काय येईल? त्यांना आधी विचार करू द्या. मग बेरीज दाखवा. तो आकडा त्या देशात शाळेत जाणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलांच्या संख्येच्या आसपास येतो. ते काही बोलण्याआधी दोन मिनिटं जातील. त्या दोन मिनिटांत बोलू नका. नंतर विचारा, दुसऱ्या दिवशीचं सकाळचं सत्र घ्याल का? हो म्हणाले तर सत्राचं नाव त्यांनाच ठरवू द्या. त्यात ‘मोठा डेटा’ हे शब्द नसतील, याची तयारी ठेवा.